बारा चाळीसची लाल रेघ

आमच्या हिला उंचीची भीती वाटत नाही, वाऱ्याची वाटत नाही, हुकाला लटकलेल्या बारा टन लोखंडाची वाटत नाही. माझ्या रागाची तर अजिबातच वाटत नाही, आणि लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर ती वाटायला लागेल ही आशा मीही सोडून दिली आहे. मी शिंपी आहे. ही क्रेन चालवते. जमिनीपासून साठ मीटर वर, न्हाणीघराएवढ्या काचेच्या केबिनमध्ये बसून ही सकाळी सातपासून लोकांच्या डोक्यांवरून तुळया फिरवते, आणि मी आमच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करतो. घरात तापट कोण असं कुणी विचारलं, तर पँटवाला.

ही क्रेनवर गेली ती काही ठरवून नव्हे. आमची मुलगी शाळेत जायला लागल्यावर हिने एका बांधकामावर गोदामात नोकरी धरली होती. खिळे, बोल्ट, दोरखंड काढून द्यायचे. तिथला क्रेनवाला म्हातारा होता, त्याचे गुडघे कुरकुरायचे, आणि रोज त्याची पाण्याची बाटली खालीच राहायची. ती पोचवायला ही दोनशे पायऱ्यांची लोखंडी शिडी चढली, आणि तासभर खाली आलीच नाही. म्हातारा खाली उतरल्यावर म्हणाला, "ही बाई खाली बघताना श्वास रोखत नाही. हिला मी शिकवणार." वर्षभराने परवाना घेऊन ही घरी आली आणि जेवण वाढता वाढता मला म्हणाली, "उद्यापासून मी क्रेनवर." मी विचारलं, "आणि गोदाम?" तर म्हणे, "ते खालीच राहील."

हिच्या हाताबद्दल साइटवर एक गोष्ट सांगतात, ती मी चारजणांकडून ऐकली आहे आणि चौघांनीही शपथेवर सांगितली आहे. एका साइटवर पत्र्याचं तात्पुरतं ऑफिस उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायचं होतं. खालच्या लोकांनी साखळ्या लावल्या, आत कुणी आहे का हे बघायचं मात्र प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. हिने ऑफिस उचललं, दोन मजल्यांच्या वरून वळवलं आणि जागेवर टेकवलं. अर्ध्या तासाने दार उघडून इंजिनियर साहेब डोळे चोळत बाहेर आले आणि समोरचं झाड कुणी कापलं म्हणून ओरडायला लागले. झाड कापलं नव्हतं, साहेब हलले होते. टेबलावरच्या कपातला चहा बशीत सुद्धा सांडला नव्हता. त्या दिवसानंतर खालच्यांना लेखी ताकीद मिळाली, आणि हिला नाव मिळालं, वरच्या ताई.

गेली तीन वर्षं ही आमच्या घरासमोरच काम करते आहे. मोठा रस्ता, मध्ये दुभाजक, आणि पलीकडे नवं इस्पितळ उभं राहतंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हिची साइट माझ्या दुकानाच्या दारातून दिसायला लागली, म्हणून मी एक गोष्ट माझ्याकडे घेतली. डबा. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारपर्यंत गार होतो, आणि साठ मीटरवर माणसाने गार का खावं? मी बारा वाजता स्वयंपाक करतो, बारा चाळीसला रस्ता ओलांडतो आणि फाटकावर सिग्नलवाल्याच्या हातात डबा देतो. सिग्नलवाला म्हणजे जमिनीवर उभा राहून वायरलेसवरून हिला उचल, वळव, सोड सांगणारा गडी. तो हिला ताई म्हणतो, त्यामुळे मी आपोआप भावोजी झालो. तो डबा पिशवीत घालून दोरीने वर चढवतो. चौक दोनशे पावलांवर आहे, तिथे रस्ता ओलांडायचा दिवाही आहे, पण मी आयुष्यात कधी दिव्याला विचारून चाललो नव्हतो. सरळ दारातून निघायचं आणि सरळ फाटकात. माझा रस्ता, माझे पाय.

या सगळ्या सुखात एक दिवस पट्टी आली.

कंपनीने फर्मान काढलं की यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाने मनगटाला ताण मोजणारी पट्टी बांधायची. आतल्या बाजूला एक हिरवा दिवा, तो नाडी बघतो. शेजारी दोन बारीक धातूच्या चकत्या, त्या घाम बघतात. दिवसभराची रेघ निघते. माणूस शांत असेल तर रेघ हिरवी आणि सपाट, ताण आला की लाल आणि उंच. सहा आठवडे बघायचं, आणि ज्याची रेघ रोज लाल होईल त्याला खाली उतरवून जमिनीवरचं काम द्यायचं. कंपनीच्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा सगळे क्रेनवाले हिच्याकडे बघून हसले म्हणे. हिची रेघ काय, फूटपट्टीने आखल्यासारखी निघणार.

पहिल्या आठवड्याची रेघ आली. सकाळी सात ते बारा चाळीस, सपाट. बारा चाळीसला डोंगर, लालभडक, चार मिनिटं. मग पुन्हा सपाट. सोमवारी तेच, मंगळवारी तेच, शनिवारपर्यंत तेच.

हे सांगायला जी मुलगी आमच्याकडे आली तिला मी पट्टीवाली म्हणतो. पंचविशीची, पाठीवर स्वतःएवढी पिशवी, बोलायला लागली की थांबत नाही. पट्ट्या बनवणाऱ्यांनी तिला नेमलं होतं. ती शहरभर फिरायची, बसडेपो, इस्पितळं, कॉल सेंटर, बेकऱ्या, आणि जिथे जिथे रेघ लाल झाली तिथे त्या माणसाला गाठून विचारायची, तेव्हा तुम्ही काय करत होता. तिच्या फॉर्मवर तीन रकाने होते. भीती, राग, दमणूक. चौथा होता "इतर", तो कुणीच भरत नाही असं ती म्हणाली.

"काका, यंत्र फक्त वेळ सांगतं," ती म्हणाली. "कारण माणसालाच विचारावं लागतं."

आणि कारणं ऐकावीत तर तिच्याकडून. बसच्या चालकांची रेघ भर गर्दीत सपाट, आणि डेपोतल्या फळ्यावर उद्याच्या पाळ्यांची यादी लागली की लाल. एका हॉटेलातला आचारी शंभर माणसांचं जेवण हसत काढतो, पण घरून फोन आला की त्याचा डोंगर होतो. कॉल सेंटरमधल्या एका मुलाला लोक दिवसभर शिव्या देतात, तेव्हा काही नाही. साहेब येऊन "छान काम करतोस" म्हणाले की लाल. मी शिलाई थांबवून ऐकत बसायचो. माझ्यासारख्या माणसाला, जो नाकावर माशी बसू देत नाही, तिच्या येण्याची वाट बघायची सवय लागली हे कबूल केलं पाहिजे.

पण आमच्या हिच्यापुढे तिचंही काही चालेना. "काकू, बारा चाळीसला काय होतं?" तर ही म्हणायची, "काही नाही." दुसऱ्या आठवड्यात, "भूक लागते." पट्टीवालीने मान हलवली. भुकेची रेघ अशी नसते म्हणे. त्यानंतर हिने तोंडात मिठाची गुळणीच धरली.

मधल्या मध्ये माझा मात्र फायदा झाला. त्या पट्टीचं रबर लोकांच्या मनगटाला लागायचं, पुरळ उठायचं. हिच्या हाताला उठलं तेव्हा मी सुती कापडाचं अस्तर शिवून दिलं, चकत्यांना आणि दिव्याला भोकं ठेवून. पट्टीवालीने ते बघितलं आणि आठवड्याभरात तिने मला ऐंशी पट्ट्या आणून दिल्या. परिचारिकांना रोज उकळत्या पाण्यात धुता येईल असं अस्तर हवं. बेकरीवाल्यांना पीठ अडकू नये म्हणून गुळगुळीत. बसवाल्यांचा घाम जास्त, त्यांना दुहेरी. मी पँटी बाजूला ठेवून मनगटं शिवायला लागलो. मोठमोठ्या नोकऱ्यांवरची माणसं माझ्या अस्तरात हात घालून कामाला जातात या विचाराने छाती फुगायची. शिवण थोडी वाकडी जायची हे खरं, पण आतलं अस्तर कोण बघतं?

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी हिला स्पष्ट सांगितलं. इस्पितळाच्या माथ्यावर पोलादाचा आणि काचेचा घुमट बसायचा होता. खाली जमिनीवर जोडलेला, नऊ टनांचा, एकाच उचलीत वर जाणार. तीन वर्षं ही ज्याची वाट बघत होती तो हाच घुमट. गोदामातून वर चढलेल्या बाईने आजवर तुळया, विटा, सिमेंट आणि एक झोपलेला साहेब उचलला होता. आता पहिल्यांदा असं काही उचलायचं होतं जे रस्त्यावरून जाणारा येणारा शंभर वर्षं मान वर करून बघेल. आणि डॉक्टर म्हणाले, ही लाल रेघ अशीच राहिली तर घुमटाला दुसऱ्या साइटवरून माणूस आणू, तुम्ही फाटकावर पास लिहा.

ही घरी आली, हात धुतले, मला सांगितलं आणि भाजी निवडायला बसली. भांडं आपटलं मी. "पास लिहायचे? तू? कोण म्हणतो? मी येतो उद्या!" ही म्हणाली, "देठं इकडे द्या."

मला रात्रभर एकच प्रश्न पडला होता, बारा चाळीसला होतं तरी काय? त्या वेळी साइटवर कोण असतं? सिग्नलवाला. वायरलेसवर कोण बोलतं? सिग्नलवाला. म्हणजे ताई ताई करत हा गडी हिला काहीतरी टोचून बोलत असणार. दुसऱ्या दिवशी डबा देताना मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर विरघळला असता. तो म्हणाला, "भावोजी, तब्येत बरी आहे ना? डोळे का बारीक केलेत?" मी म्हणालो, "आमचे डोळे आम्ही बघून घेऊ."

मग मी जे केलं ते शिंपीच करू जाणे. म्हटलं, दोष माणसाचा असो की यंत्राचा, उपाय माझ्या सुईत आहे. हिच्या पट्टीला नवं अस्तर शिवलं आणि या खेपेला भोकं ठेवलीच नाहीत. चकत्यांवर पातळ मलमलीचे दोन पदर, दिव्यावर एक. बाहेरून बघाल तर काही कळणार नाही. घाम लागणारच नाही, तर रेघ लाल होईल कशाला? हिला सांगितलं, जुनं अस्तर फाटलं होतं, बदललं. हिने काही न बघता बांधलं. तेहतीस वर्षं हिने माझं शिवलेलं काहीही तपासून घेतलेलं नाही.

तीन दिवस मी खुशीत होतो. चौथ्या दिवशी सकाळी दहाला सिग्नलवाल्याचा फोन आला. "भावोजी, ताईंना डॉक्टरांनी ऑफिसात बोलावलंय. पट्टीत मुद्दाम काहीतरी घातलं म्हणतात. तीन दिवसांची रेघ इतकी सपाट आहे की डॉक्टर म्हणाले, अशी रेघ मेलेल्या माणसाची असते. फसवणूक केली म्हणून आजच खाली उतरवणार बहुतेक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कानावर खडू आणि गळ्यात टेप तसाच उठलो आणि पळत सुटलो. दुभाजकापर्यंत गेलो, तो ओलांडला, आणि डावीकडे कुठेतरी ब्रेक किंचाळले. एक बस माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालकाने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. मीही त्याच्या केली आणि फाटकात शिरलो.

ऑफिसचं दार उघडलं तर आत वेगळंच चाललं होतं. टेबलापलीकडे डॉक्टर, अलीकडे खुर्चीत ही, आणि मध्ये पट्टीवाली हातात टॅब घेऊन उभी. हिच्या मनगटावर तपासणीसाठी नवी कोरी पट्टी बांधलेली होती, माझ्या अस्तराशिवाय. ही खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि खिडकीतून तोच रस्ता दिसत होता. माझ्याकडे कुणी बघेना. सगळे टॅबकडे बघत होते, आणि टॅबवर आत्ताचा, या क्षणाचा लालभडक डोंगर होता.

"बारा चाळीस तर नाही वाजले," डॉक्टर म्हणाले.

पट्टीवालीने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खिडकीकडे. मी म्हणालो, "हिचा काही दोष नाही. अस्तर मी शिवलं. भोकं मी बुजवली. काय शिक्षा करायची ती मला करा."

ते तिने ऐकलंच नाही. "काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जरा पलीकडे जाऊन परत येता का? रस्ता ओलांडून?"

"नको!"

ऑफिसच्या काचा हलल्या असतील. मी वळून बघितलं, कोण ओरडलं ते. आमची ही ओरडली होती. उभी राहिली होती. तेहतीस वर्षांत मी हिचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. मुलगी जन्मली तेव्हाही नाही.

मग खाली बसून हिने सांगितलं, डॉक्टरांना, माझ्याकडे न बघता. "यांना डावीकडचं दिसत नाही. दीड वर्ष झालं. उजव्यानेही लांबचं धूसर दिसतं. मोतीबिंदू असणार. पण हे मान्य करत नाहीत. रोज बारा चाळीसला डबा घेऊन रस्ता ओलांडतात आणि दुभाजकानंतर डावीकडून गाड्या येतात. मी वरून बघते. ओरडले तरी ऐकू जाणार नाही. हे फाटकात शिरेपर्यंत बघत राहायचं, दुसरं काही करता येत नाही."

"आणि तेव्हा हुकाला माल असतो?" डॉक्टरांनी विचारलं.

दारातून सिग्नलवाला म्हणाला, "नाही साहेब. बारा अडतीसला मी हुक रिकामा करून घेतो. भावोजी आत आले की पुढचा माल देतो. दीड वर्ष हेच करतोय." आणि मी या माणसाकडे डोळे वटारून बघितलं होतं.

"हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात का नाही सांगितलंत?" डॉक्टरांनी हिला विचारलं. "तुमचं वरचं काम जायची वेळ आली."

ही म्हणाली, "शिंप्याला डोळ्याने दिसत नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं?"

मला त्या खोलीतून जमिनीत जावंसं वाटलं. मी अजूनही म्हणत होतो की एवढं काही नाही, मला सगळं दिसतं. डॉक्टरांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ती क्रेनची केबिन दिसते?"

"दिसते की."

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"कंपनीचं नाव," मी छाती काढून सांगितलं.

"काहीही लिहिलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

झाकली मूठ उघडली. मग माझ्याच्याने राहवेना. टेपवरचे आकडे मी गिऱ्हाइकाकडून वाचून घेतो, सुईत दोरा ओवायला तारेचा आकडा वापरतो, शिवण बोटांनी चाचपून मारतो, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "माझ्या डोळ्यापायी हिचा घुमट घालवू नका. डोळा आजच कापा." डॉक्टर हसले. फसवणुकीची नोंद त्यांनी केली, पण माझ्या नावावर. मी त्यांच्या कंपनीत नोकरीला नसल्यामुळे मला काढून टाकता आलं नाही. हिला त्यांनी पंधरवडा दिला. डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून चौदा दिवसांची रेघ बघू, साफ असेल तर घुमट तुमचा. नसेल तर मात्र दुसरा माणूस येईल, त्याला आधीच कळवून ठेवतो.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी स्वतःहून ताटं घासायला घेतली, जे आमच्याकडे घडत नाही. शेवटी विचारलं, "तुला कळलं कसं? मी तर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता."

ती म्हणाली, "तुम्ही हात करायचं सोडलंत ना."

पहिल्या वर्षी फाटकावर डबा दिला की मी वर बघून हात करायचो, आणि वरून ही करायची. मग एक दिवस वरून हात आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी ठरवलं, बाईला आता शिंप्याला हात करायची लाज वाटते. तिला खाली बघायचं नसेल तर मी कशाला वर बघू? आणि फुगून मी मान वर करणंच सोडलं. हे मी हिला सांगितलं तेव्हा ही ताट पुसता पुसता थांबली. "मी रोज करते," म्हणाली. "आजही केला असता."

एवढी वर्षं बोलत नाही बोलत नाही म्हणून हिला नावं ठेवली, आणि खरा न बोलणारा मीच निघालो. काय म्हणावं मला, ते वाचणाऱ्याने म्हणावं.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली. तिथल्या परिचारिकेच्या मनगटावर माझंच अस्तर होतं. मी ते लगेच ओळखलं, आणि शिवण किती वाकडी आहे तेही डोळ्यावरची पट्टी काढल्यावर पहिल्यांदा नीट बघितलं. तिची मी मनापासून माफी मागितली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले, आणि दोन आठवडे धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. बांधकामावर धुळीशिवाय असतं काय? डबा न्यायला सिग्नलवाला आमच्या दारात यायला लागला, चौकातल्या दिव्यावरून. एकदा मी त्याला बसवून चहा पाजला आणि त्या दिवशी कसं बघितलं होतं त्याची कबुली दिली. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला मी ओळखू येत नाही."

रेघ बघायला पट्टीवाली दर दोन दिवसांनी यायची. पहिला दिवस सपाट. पाचवा सपाट. दहावा सपाट, बारा चाळीसला सुद्धा. तेराव्या दिवशी तिने मला टॅब हातात दिला आणि मी नव्या डोळ्याने ती हिरवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. एकच दिवस उरला होता.

चौदाव्या दिवशी सकाळी बूट घालताना ही म्हणाली, "आज डबा तुम्ही आणा."

मी म्हणालो, "अगं, वेड लागलंय का? उद्या आणतो. आजचा एक दिवस निघू दे. परत रेघ लाल झाली म्हणजे?"

"दोन आठवडे संपले ना तुमचे? आजच आणा," म्हणाली आणि गेली. हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टाके घालणं.

बारा चाळीसला मी दाराबाहेर पडलो आणि सरळ न जाता दोनशे पावलं चालून चौकात गेलो. दिवा लाल होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. तरी मी उभा राहिलो. शेजारी शाळेतली दोन मुलं उभी होती, त्यांनाही सांगितलं, थांबा, हिरवा होऊ दे. ती थांबलेलीच होती. हिरवा झाल्यावर उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. डावीकडचं जग एवढं मोठं आहे हे मी विसरलो होतो. फाटकावर पोचलो, सिग्नलवाल्याच्या हातात डबा दिला, काळा चष्मा काढला आणि मान वर केली.

पिवळ्या खांबाच्या टोकाला काचेची केबिन, तिच्या काचेवर ढगाचा तुकडा, बाजूची छोटी खिडकी उघडी, आणि खिडकीतून बाहेर आलेली निळी बाही. ती बाही मीच आखूड केली होती. बाहीच्या टोकाला हात होता आणि तो हलत होता. घाईने नव्हे, कुणी बघेल अशी आशा असल्यासारखाही नव्हे. रोजचं काम करावं तसा. दीड वर्ष हा हात रोज असा हलत होता आणि मी खाली फुगून उभा होतो. मी दोन्ही हात वर केले. सिग्नलवाला म्हणाला, "भावोजी, डोळ्यातून पाणी येतंय." मी म्हणालो, थेंबांचं आहे. थेंब सकाळी आठला घातले होते.

संध्याकाळी पट्टीवाली आली ती उतरलेल्या चेहऱ्यानेच. तिने टॅब टेबलावर ठेवला. सबंध दिवस सपाट, आणि बारा पन्नासला डोंगर. आजवरच्या सगळ्या डोंगरांपेक्षा उंच. मी कपाळाला हात लावला. "सांगितलं होतं मी, उद्या येतो म्हणून. घालवलास ना घुमट?"

पट्टीवालीने फॉर्म काढला. "काकू, लिहावं तर लागेल. भीती, राग की दमणूक?"

पट्टी सोडून ही मनगट चोळत होती. "इतर," म्हणाली.

"इतरमध्ये कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिही, यांनी वर बघितलं."

मुलीने तसंच लिहिलं. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला म्हणे, आणि त्याच्याखाली सही केली. सोमवारी सकाळी घुमट हिनेच वर नेला.